वन्संचे मालक

आमच्या वन्संइतकी पतिव्रता बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात झाली नसेल. अडचण एवढीच, की ज्यांच्या त्या पतिव्रता होत्या ते मुंबईत राहायचे, सिनेमात काम करायचे आणि आमचं वडवणी नावाचं गाव पृथ्वीवर आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. वन्संनी जन्मात एकदाच घेतलं, तेही अजाणता. मग मी कशाला घेऊ?

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी चौसाळ्याहून लग्न होऊन आले, त्याच साली त्या नांदूरघाटहून परत आल्या. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि ह्यांना पत्र्याच्या पेटीसकट एसटीत बसवलं. घरात कुणी टाकून बोललं नाही. पण नळावर, बाजारात, दळणाच्या रांगेत, जी भेटेल ती गोड आवाजात विचारायची, "मालक काय म्हणतेत तुमचे?" वन्सं अर्धी घागर तशीच उचलून घरी यायच्या.

सिनेमाचं वेड मात्र मुळात माझं, हे आधी कबूल करते. सातवी पास झालेली मी स्वतःला फार शिकलेली समजायचे. त्या नटाचा पेपरातला फोटो मी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवला होता. आमचे हे बैलाला वैरण टाकून उठले, की त्याच्यासारखी मान झटकून का उठत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटायचं. हिरॉइनीसारखा केसांचा फुगा काढला, तर सासूबाईंनी माझं डोकं चाचपून विचारलं, गांधीलमाशी चावली का. एकदा तर मी त्याला हिंदीत पत्र लिहिलं, की एका वेळी सात-सात माणसांशी मारामारी करत जाऊ नका, तब्येतीला बरं नाही. खाली पत्ता घातला. पुढं दोन महिने पोस्टमन दिसला की मी अंगण झाडायला घ्यायचे. इतकं स्वच्छ अंगण आमच्या घराला पुन्हा कधी लाभलं नाही.

बीडला तीनचा खेळ बघायला एकट्या सुनेला कोण सोडणार? नणंद बरोबर असली तर हरकत नसायची, म्हणून मी वन्संना ओढून न्यायला लागले. पहिल्याच वेळी तो पडद्यावर आला आणि वन्संनी मोठ्यानं त्याचं नाव घेऊन मला विचारलं, हाच का तो. चार बायका वळून बघायला लागल्या. मी चावटपणे त्यांच्या कानात म्हटलं, "वन्सं, मालकाचं नाव असं चारचौघींत घेऊ नये." वन्संनी शांतपणे डोक्यावर पदर घेतला आणि खेळ संपेपर्यंत उतरू दिला नाही.

थट्टा माझी, पण संसार त्यांनी मांडला. त्या दिवसापासून तो नट 'ते' झाला. त्याच्या चित्राचं कॅलेंडर होतं त्या भिंतीकडं वन्सं पाय करून बसत नसत. सिनेमात त्यानं घास घेतला की मगच ह्या पिशवीतली भाकरी सोडायच्या. एका सिनेमात तो शेवटपर्यंत जेवलाच नाही. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "उपाशीपोटी एवढी मारामारी करायलेत ते, आन तुमाला भाकर सुचायलीय." दोघीही तशाच एसटीत बसलो. पडद्यावर तो दर वेळी नव्या हिरॉइनीच्या गळ्यात पडायचा. मला आग लागायची, त्या मात्र म्हणायच्या, "करू द्या वैनी. एकीवर कोण थांबतंय." मी हसत सुटायचे. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

नळावर कुणी मालकांची चौकशी केली, की आता वन्संचं उत्तर तयार असायचं. "मुंबईला हायत. कामातनं सवड न्हाई." बायका हसायच्या आणि वन्सं घागर काठोकाठ भरून आणायच्या.

पुढं एका दसऱ्यानंतर नांदूरघाटचा नवरा दारात उभा राहिला. ऊसतोडीला निघायचे दिवस होते. कोयत्याला जोडी लागते. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून वाहणार. त्याची दुसरी नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून त्याला पहिली आठवली. सासरे घुटमळले. लेक नवऱ्याच्या घरी चाललीय, तिला अडवायचं कसं? सासूबाईंनी डोळे पुसत माळ्यावरची पेटी खाली काढली. मी सातवी पास, दाराला चिकटून उभी.

तेवढ्यात वन्सं डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. "मला मालक हायत," त्या म्हणाल्या. "तुमच्यासंगं कशी येऊ?"

नवरा चरकला. "कोण हाय त्यो? नाव सांग."

"मालकाचं नाव घेत न्हाईत."

त्यानं सासऱ्यांकडं बघितलं, सासऱ्यांनी माझ्याकडं. त्या वयात माझ्या हातून घडलेलं एकमेव शहाणपण तिथं घडलं. मी म्हटलं, "खरं हाय. मुंबईला असतात. मीच जुळवलं."

तो चहासुद्धा न घेता गेला. जेवताना सासऱ्यांनी एकच विचारलं, की जावई करतात काय. आमचे हे घास न थांबवता म्हणाले, "मारामारी." सासूबाईंनी पेटी पुन्हा माळ्यावर टाकली. वन्संना पाठवायची गोष्ट त्या घरात परत निघाली नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी एका चुलीवर जन्म काढला. सासू-सासरे गेले, मग हे गेले, मुलं पुण्याला गेली. गेल्या हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलताना मी सहज विचारलं, "वन्सं, आता तरी सांगा, एवढं काय बघितलंत त्यांच्यात?"

"त्येच्यात?" वन्संनी शेंग सोलून दाणे परातीत टाकले. "मला तर त्यो कवाच आवडला न्हाई. मी न्हाई म्हणले असते, तर तुमाला घरातनं कोण सोडणार हुतं? तुमचं नव्या नवरीचं उतरल्यालं तोंड बघवत नव्हतं तवा. आन तुमी मालक म्हणलात, तर लोकांची तोंडं मिटली. बरं झालं की."

मला वाटत होतं, एकट्या पडलेल्या नणंदेला मीच जगात फिरवून आणतेय.

उन्हाळ्यात वन्सं गेल्या. लेक फोनवर म्हणतो, पुण्याला ये. बघू म्हणते. दुपारी टीव्हीवर त्याचा एखादा जुना सिनेमा लागतो, तेव्हा मी खुर्ची ओढून बसते आणि दहाव्या मिनिटाला उठते. खरं सांगायचं, तर एकटीनं बघत बसावा इतका तो मलाही कधी आवडला नव्हता.