रुपयात दहा पैसे

भरतकाम कोणाचंही असो, काकू ते आधी उलटं करायच्या. मागच्या दोऱ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या आणि तोंड वाकडं करून म्हणायच्या, "पापड झाला वं याचा. आता तळून खा."

जरीपटका वस्तीतल्या बाजाराला लागून त्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत भरतकामाच्या दोन कॉम्प्युटर मशिनी. एकीवर मी बसायची, दुसरीवर त्यांची सून. मी शेजारीण, पण शेजारीण म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या हातात कसब असतं आणि जिभेवर विष.

डिझाइन लहानमोठं करायचं म्हटलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "रुपयात दहा पैसे. त्याच्या वर नाही." म्हणजे मूळ डिझाइन दहाव्या हिश्शाने वाढवा किंवा घटवा, तेवढं चालून जातं. त्याहून जास्त हवं तर डिझाइन नव्याने बनवायचं. स्क्रीनवर चित्र आक्रसतं, पण आमच्या त्या जुन्या मशिनींत टाके होते तितकेच राहायचे. मग ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात, सुई तुटते, कापड फाटतं. मोठं केलं तर टाक्यांमधून खालचं कापड दिसायला लागतं. एका गिऱ्हाइकाने हट्टाने कमळ दुप्पट करून घेतलं, तेव्हा काकूंनी ते त्याच्या हातात ठेवलं. "घ्या, मच्छरदानी तयार आहे तुमची." तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

आणि कितीही घाई असो, डिझाइन आधी त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर चालवून बघायचं. मला त्यांनी हे सगळं शिकवलं, शिव्या घालून का होईना. सुनेला मात्र मशीन चालू-बंद करण्यापलीकडे काही शिकवलं नाही. ती स्वतःहून विचारायला गेली की म्हणायच्या, "सांगून कोणाले येत नाही."

सून उमरेडची, विणकराच्या घरची. तिच्या वडिलांनी माग मोडीत काढायच्या आधी त्यावर शेवटची करवतकाठी रेशमी साडी विणली, लेकीसाठी. भावाच्या लग्नात ती तिला नेसायची होती. "घरात मशीन असून पदर कोरा काहून ठेवू, ताई?" असं मला म्हणाली. इतकी खूश मी तिला त्या घरात कधी पाहिली नव्हती.

तिने मोठी कोयरी निवडली आणि पदरावर मावावी म्हणून स्क्रीनवर ती अर्धी केली. माझी मशीन जोरात चालली होती, माझी पाठ तिच्याकडे होती. खडखड बदललेली ऐकू आली तेव्हा मी धावत जाऊन बटण दाबलं. सुई मोडून पडली होती. कोयरीचा गोळा झाला होता आणि गोळ्याच्या कडेने रेशीम गोल कापलं गेलं होतं. बोट आरपार जाईल एवढं भोक.

काकू तिच्या मागेच चहा पीत बसल्या होत्या. उठल्यासुद्धा नाहीत.

"तुम्ही इथंच होता ना, काकू?"

"अर्धी केली तेव्हाच दिसलं मले," त्या म्हणाल्या. "आता जन्मात नाही विसरणार."

मला त्यांच्या हातातला कप घेऊन भिंतीवर फोडावासा वाटला. सून रडली नाही. सुईचे तुकडे वेचत राहिली.

वडील आले तेव्हा तिने त्यांना साडी दाखवली. त्यांनी भोक आत जाईल अशी घडी घातली आणि साडी तिच्या मांडीवर ठेवली. "बाई, माग असता तं दुसरी विणली असती," एवढंच बोलले. लग्नात ती बाजारची साडी नेसून गेली.

पुढे काकूंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. सुनेने त्यांची खाट मशिनीच्याच खोलीत टाकली. वेळेवर भरवायची, पुसायची, कूस बदलायची. नाव ठेवायला जागा नव्हती. धंदाही तिने चांगला सांभाळला.

एकदा तिने काकूंच्या कपाटातून त्यांची चंदेरी काढली, खाटेसमोर उभी राहिली आणि पदरातून चौकोन कापला.

"अवं, चिंध्यांचं पोतं भरून आहे की!" मी म्हटलं.

"चंदेरीचं काम आलं आहे, ताई. तपासाले त्याच जातीचं कापड लागते ना?"

मग टसर आलं, मग पैठणी. काकू पडल्या पडल्या बघत असायच्या. डोळ्यांतून पाणी वाहायचं. सून ते पुसायची आणि पुन्हा कात्री घ्यायची. मला दोघींचीही भीती वाटायची, आणि काकूंची फार दया यायची.

काकू गेल्या तेव्हा नेसवायला घरात एक धड साडी निघाली नाही. मी धावत घरी गेले आणि माझी हिरवट रेशमी घेऊन आले. सुनेने ती हातात घेतली, सवयीने उलटी करून पाहिली.

"इतकी चांगली काहून आणली, ताई? जळूनच जाईल."

मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि काकूंना नेसवायला बसले.