दुसरं नाव, दुसरं भोक

सेमूर लेफकिनने न्यूयॉर्कात चाळीस वर्षं हातमोज्यांचं कातडं बेतलं. एकदा बेतलं की तो पुन्हा मोजत नसे आणि हे अभिमानाने सांगत असे. म्हातारपणी फ्लोरिडात आमच्या वसाहतीत आला तोही हीच सवय घेऊन. नऊ वर्षं तो आमच्या इमारतीचा चेअरमन होता. पोहण्याच्या टाकीचं पाणी किती कोमट हवं, हेसुद्धा त्याला विचारून ठरे. लोकांनी आपल्याला विचारावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. वाईट नव्हता. असह्य होता.

इमारतीतले आम्ही बहुतेक सगळे एकाच पक्षाचे. अपवाद डेल हॉकेटचा. इंडियानात जन्मभर डुकरांचं खाद्य विकून इथे आलेला. दोन हजार सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो आणि सेमूर रोज टाकीच्या काठावर भांडत.

"तुझा माणूस दर सभेला नवं तत्त्व घालून येतो, सदऱ्यासारखं," डेल म्हणायचा.

"आणि तुझ्याकडे बघ. सदरा एकच, तोही मळका!"

दोघांच्या पक्षांची अदलाबदल केली असती तर वाक्यांचीही तश्शीच झाली असती. ते असो.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात नमुन्याची मतपत्रिका टपालाने आली. उमेदवारांची नावं दोन्ही बाजूंना आणि मधे भोकं पाडायची एकच रांग. नावापासून भोकाकडे बारीक बाण. डाव्या बाजूला आमचा माणूस दुसरा. सेमूरने सभागृहात सगळ्यांना बसवलं, बेगल पाव आणि मासे वाटले, आणि शाळेतल्यासारखं घोकून घेतलं.

"दुसरं नाव?"

"दुसरं भोक!" आम्ही साठ म्हातारे ओरडलो.

एडिथ पोमेरांत्झने चष्मा पुसला. "सेमूर, बाण तर तिसऱ्या भोकाकडे जातोय रे."

"एडिथ, बाण शोभेचे असतात. चाळीस वर्षं कातडं कापलंय मी. भोक कुठे पाडायचं हे मला शिकवतेस?"

लोक हसले. एडिथने चष्मा काढून ठेवला. तिची अकरा माणसं युद्धात युरोपातल्या ज्यूंच्या छळछावण्यांत गेली आणि त्यांच्यापैकी एकही परत आलं नाही. उजव्या बाजूचं पहिलं नाव तिसऱ्याच पक्षाच्या, ज्यूद्वेष्टा म्हणून गाजलेल्या माणसाचं होतं; ते उच्चारलं तरी ती चूळ भरत असे.

दुसरं भोक त्याचं होतं.

हे आम्हाला कळलं मतदान झाल्यावर, संध्याकाळी टीव्हीवर. कोणीतरी मतपत्रिका मोठी करून दाखवली आणि बोट बाणावरून फिरवलं. एडिथ उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली हात धुवत राहिली. मी नळ बंद केला, तिने पुन्हा सोडला.

राज्याचा निकाल काही शे मतांवर अडकला आणि त्यावर देशाचा. पुढे महिनाभर सगळा देश आमच्या मतपत्रिका उजेडाला धरून बघत होता. सेमूर फलक घेऊन रस्त्यावर: "आमचं मत चोरलं!" त्याच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला होता. आम्ही त्याला सांभाळून घेतलं. आपला माणूस, आपला पक्ष. डेलने मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून विचारलं, "चोर कोण रे सेमूर? पत्ता देऊ?"

मग ज्यांची मतं चुकून भलत्यालाच गेली त्यांची शपथपत्रं घ्यायला पक्षाची वकीलबाई आली. सभागृहात रांग लावली. एडिथची पाळी आली.

"आजी, तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं का? हेच भोक पाडा म्हणून?"

सगळ्या माना सेमूरकडे वळल्या. त्याची बायको पर्ल एडिथच्या खुर्चीमागे उभी होती, तिनेही बघितलं. त्याला फक्त एक 'हो' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आम्ही चार दिवस चिडवलं असतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा टाकीच्या पाण्याबद्दल विचारलं असतं.

"कोणी नाही," सेमूर म्हणाला. "बाई, अहो या बायकांची वयं बघा. डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतो. एडिथला तर स्वतःची पर्स सापडत नाही."

एडिथने त्याच्याकडे बघितलं नाही. "लिही पोरी," ती म्हणाली, "म्हातारीला दिसलं नाही." आणि सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

जानेवारीत इमारतीची निवडणूक. चेअरमनच्या जागेला सेमूरविरुद्ध कधी कोणी उभं राहत नसे. या वेळी डेल उभा राहिला. चिठ्ठ्या एडिथने केल्या होत्या: दोन नावं, दोन चौकटी आणि प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलने काढलेला अंगठ्याएवढा बाण. सेमूरने त्या बघितल्या आणि मोठ्याने हसला. "छान काढलेत!" भाषणही केलं, तत्त्वांवरच. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो खूश झाला, हे मला अजून आठवतं.

एडिथने एकेक चिठ्ठी वर धरून वाचली. हॉकेट. हॉकेट. हॉकेट. विसाव्या चिठ्ठीला सेमूर खाली बसला. एकसष्ट हॉकेट, एक लेफकिन.

"फेरमोजणी!" तो ओरडला. "हाताने! सगळ्यांसमोर!"

"अरे वा," डेल म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

एडिथने पुन्हा मोजलं, सावकाश, प्रत्येक चिठ्ठी दिव्यासमोर उलटी-सुलटी करत. एकसष्ट आणि एक.

सेमूरचे ओठ हलत होते. त्या एका चिठ्ठीवरची खूण न बघताच त्याला ओळखता येत होती; ती त्याचीच होती. तो पर्लकडे वळला. बावन्न वर्षं संसार केलेली बायको.

"पर्ल? चुकलीस ना तू? घाईत चुकलीस?"

पर्लने पर्स बंद केली. ती तिला लगेच सापडली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "या खेपेला बाण बघून दिलं."