सेंट लूसीच्या ताटातले लाडू

आमच्या काळाचौकीच्या चाळीत सकाळी पाण्याच्या आधी शांताबाईंचा संत येतो. शांताबाई सावंतवाडीकडच्या, देव्हाऱ्यात रवळनाथ. पण त्यांनी परळच्या एका कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आयाची नोकरी केली आणि निवृत्त होताना ख्रिस्ती संतांची चरित्रं घेऊन घरी आल्या. दर नाताळात सिस्टर फिलोमिना त्यांना चर्चचं कॅलेंडर देतात. रोज एक संत. चरित्र वाचून माणसाने स्वतः सुधारावं अशी त्यामागची अपेक्षा. शांताबाई वाचून दुसऱ्याला सुधारतात.

आमची भिंत एकच असल्यामुळे मीही पुष्कळ सुधारलो आहे. जिन्यातला दिवा बदलायचा मी आळस केला, त्या दिवशी नेमका असा संत निघाला, जो एका खांबावर चढून वर्षानुवर्षं राहिला होता. आणि तुम्हाला स्टुलावर चढवत नाही, असं बाई म्हणाल्या.

सगळ्यात जास्त संत मात्र त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याला आले. दौलतमामा चिंचपोकळीच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. अंगाला रंग कोणीही लावतो, डोळ्यांना मात्र मामाच लागतात, असा त्यांचा दबदबा. संतांचा त्यांना काहीच त्रास नव्हता, कारण ते ऐकतच नव्हते. त्यामुळे बाईंनी मामांमार्फत कारखान्याच्या मालकिणीला सुधारायला घेतलं. मेघना ही मालकीण वडिलांच्या मागे कारखाना चालवते, आणि लहानपणी आखणी मामांकडूनच शिकली. ती चिक्कू आहे असं बाईंचं पक्कं मत होतं. सेंट मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, हे मालकिणीला सांगा, असा निरोप दर वर्षी जायचा. अर्थात तो घराच्या उंबऱ्यापर्यंतच जायचा.

मामांची एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती, निदान तसं मामांना वाटत होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. हे कळलं की हातातला कुंचला जाणार, आणि कुंचला गेला की दौलतमामा म्हणजे चाळीतला आणखी एक म्हातारा. म्हणून ते गप्प राहिले. हाताला सवय होती, त्या सवयीवर गणपती निघत होते.

या वर्षी कॉन्व्हेंटच्या चॅपलमधली सेंट लूसीची जुनी मूर्ती रंगवायची निघाली. बाईंनी मोठ्या तोऱ्यात ते काम मामांना मिळवून दिलं आणि लूसीचं चरित्र तीनदा सांगितलं. मामांनी ते तिन्ही वेळा ऐकलं नाही. मूर्ती कारखान्यात आली, तिचा रंग पार उडालेला. हातात एक ताट, ताटात दोन गोल वस्तू. ज्या माणसाने जन्मभर गणपतीच रंगवले, त्याला ताटात दुसरं काय दिसणार? मामांनी दोन्ही पिवळेधमक केले आणि वर केशरी बुंदीही टिपली.

मूर्तीवरचं कापड काढताना सिस्टर आणि बाई दोघीही कारखान्यात होत्या. सिस्टरनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "दौलतभाऊ, ताटात काय आहे?"

"लाडू," मामा म्हणाले. "प्रसादाचे."

सिस्टर हसल्या. हिंदू कारागीर, चूक व्हायचीच, म्हणाल्या. लूसीचे डोळे काढले होते, म्हणून ती ते ताटात घेऊन उभी असते. आंधळ्यांची तीच कैवारी. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या लाडवावरून बोट फिरवलं. रंगाखाली प्लॅस्टरमध्ये पापणी कोरलेली होती, बाहुली कोरलेली होती. नजर असलेल्या कोणालाही ती दिसली असती. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मामांनी मान खाली घातली.

इस्पितळात जाईपर्यंत बाईंनी एकाही संताचं नाव घेतलं नाही. मला भिंतीपलीकडची ती शांतता सहन होईना. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. डॉक्टरांनी परवानगी देताच मामा कारखान्यात गेले, लूसीचे लाडू पुसायला. कोपऱ्यात या वर्षीचा एक न विकला गेलेला गणपती होता. मामा त्याच्यासमोर उभे राहिले ते हलेनातच. डोळे सुरेख होते, पण त्यांचे नव्हते. मामांची रेघ शेवटी किंचित वर वळते. ही सरळ गेली होती.

"ह्या कोणी केलां?" त्यांनी विचारलं.

मेघना रंग कालवत होती. तिने मान वर केली नाही. मामा संध्याकाळी घरी गेले की गेली दोन वर्षं ती त्यांनी आखलेले डोळे पुसून परत आखत होती, हे तिने सांगितलं. पगार पूर्ण, मान पूर्ण, आणि कुठे चकार शब्द नाही.

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतंत, मामा."

मामांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी लूसीच्या ताटातला उजवा डोळा आखला, आणि डाव्यासाठी कुंचला मेघनाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे संत पुन्हा सुरू झाले आणि मला हायसं वाटलं. त्या दिवशी सेंट निकोलस होता. एका गरीब बापाच्या मुलींची लग्नं व्हावीत म्हणून त्याने अंधारात खिडकीतून पैशांची थैली टाकली आणि कोणाला कळू दिलं नाही. चरित्र संपवून बाई सवयीने म्हणाल्या, "तुमच्या मालकिणीला सांगा जरा हे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामांचं उत्तर आलं. "मालकिणीक नको सांगू. तिका येता ता."

बाईंनी कसं काय ते विचारलं. मामांनी सगळं सांगितलं. त्यानंतर चहा गार होईपर्यंत शांताबाईंना एकही संत आठवला नाही.