जायफळाचा अर्धा वेढा

बाई दमली की तिला कोणी दमलेली म्हणत नाही, आळशी म्हणतात. हे मला जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कळलं. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याची फॅक्टरीत पाळी, मोठी पोरगी तीन वर्षांची आणि पोरगा चार महिन्यांचा. तो रडका. असातसा नाही, पाय पोटाशी घेऊन लाल होईस्तोवर रडायचा. दोन महिन्यांत सलग दोन तास माझा डोळा लागला नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडायचं, आणि वर बोलणीही मलाच.

शेवटी आंधळगावहून सासूबाई आल्या. सोबत कापडाच्या पुरचुंडीत घुटीचं सामान. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, जायफळ. रोज पोराची आंघोळ झाली की सहाणेवर माझंच दूध घ्यायच्या आणि एकेक उगाळायच्या. सहाणेवर एक गोल फेरा म्हणजे एक वेढा. कशाचे दोन, कशाचे तीन. जायफळाचा मात्र अर्धाच, आणि ते त्या मला हातात धरू देत नसत. लेकराले गुंगी येते, म्हणायच्या. मला राग यायचा. पोर माझं, दूध माझं, आणि जायफळ तेवढं तुमचं होय?

एके दिवशी त्या शेजारणीसोबत शहापूरच्या बाजाराला गेल्या. नवरा ड्युटीवर. मोठी समोरच्या क्वार्टरमध्ये खेळत होती. पोरगा सकाळपासून किंचाळत होता. मी पुरचुंडी सोडली, जायफळ काढलं. एक वेढा दिला, दुसरा दिला. मग मोजलंच नाही. त्याचं पोट दुखतं म्हणून नाही हो. मला झोपायचं होतं, म्हणून.

दोघंही झोपलो. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. पोराला हलवलं, तळपाय चोळले, डोळ्यांना पाणी लावलं. मान एकीकडे पडायची. छातीशी धरलं तर ओठ हलेनात. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग सहाणेकडे. ती मी धुतलीही नव्हती. हातातली पिशवी तिथंच टाकून त्यांनी पोराला उचललं आणि दवाखान्याकडे निघाल्या. मी मागून, अनवाणी.

डॉक्टरनं विचारलं, काय पाजलं?

"मीच पाजली घुटी," सासूबाई म्हणाल्या. "जायफळाचा हात चुकला माया."

डॉक्टर त्यांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलला. अडाणी म्हणाला, नातू मारायला आलीस का म्हणाला. त्या खाली पाहत उभ्या होत्या. मी त्यांच्या बाजूलाच होते. पोराला तिथंच ठेवून घेतलं. दिवेलागणीला ते रडलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं आईला सुनावलं, यापुढे माझ्या पोराले हात लावायचा नाही. मी पोराला छातीशी धरून आत गेले. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी बांधता बांधता त्या हळूच म्हणाल्या,

"निज आली होती तं मले सांगावं ना बाई. बाजार काय पळून चालला होता?"

मग त्या कधीमधी यायच्या, पण खाटेच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसायच्या. पोरगा रांगत त्यांच्याकडे गेला तर आधी माझ्याकडे पाहायच्या, घेऊ का म्हणून. मी मान हलवायची. चोरी माझी, परवानगी मात्र त्या मला मागायच्या, आणि मी मेली ती देत होते. रोज ठरवायची, आज नवऱ्याला सांगून टाकू. मग पाणी भरायचं असायचं, डबा करायचा असायचा. खरं तर धीर नव्हता.

पोरगा चौथीत असताना त्या गेल्या. तेरवीच्या पंगतीत तो मामाच्या बाजूला बसून मोठ्या रंगात सांगत होता, आजीनं मला लहानपणी जायफळ पाजलं होतं, मरता मरता वाचलो. त्याचा बापही मान हलवत होता.

"हो ना, आई?" पोरानं विचारलं.

मी हो म्हटलं, आणि भाताची परात घेऊन पुढच्या पानाकडे सरकले.