गोपिकाबाईची जर्सी कालवड

जनावरांच्या दवाखान्यात मी कारकून होतो, म्हणजे डॉक्टर सोडून सगळं होतो. केसपेपर मी लिहायचो, रांगेतल्या भांडणांत मीच मध्ये पडायचो, आणि एखादी म्हैस सुटली की तिच्यामागे धावायचोही मीच. बाहत्तर-त्र्याहत्तर सालच्या त्या गोंधळात गोपिकाबाई लक्षात राहिली, कारण ती कधी कुणाशी भांडली नाही.

तिचं घर शहराबाहेर वाठोड्याला. नवरा चंद्रभान मिलमध्ये पाळीवर जायचा आणि घरी असला की झोपायचा. गाईचं सगळं गोपिकाबाईकडे. पहाटे धार काढायची, डोक्यावर चरवी घेऊन शहरातल्या महाल भागात घरोघर दूध घालायचं, परत येताना सरकीची ढेप न्यायची. आमच्या घरचा रतीबही तिचाच. दुधात पाण्याचा थेंब नसायचा. त्यामुळे गिऱ्हाईकं टिकली आणि तिचे गुडघे गेले.

गाय गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, रस्त्यानं निघाली तर लोकांनी वळून बघावं अशी. दुधाला मात्र चिक्कू.

"खाते पाटलिणीवानी अन् देते भिकारणीवानी," गोपिकाबाई मला म्हणाली. "माणूस असती तं कवाच हाकलून देली असती, बाबू."

डॉक्टरांनी तिला जर्सीचं सांगितलं. या गाईला जर्सीचं बीज भरवायचं. कालवड झाली तर थोड्या जास्त ढेपेवर ती आईच्या तिप्पट-चौपट दूध देईल. तेवढं दूध झालं की दूध केंद्राची गाडी वाठोड्याच्या नाक्यावरूनच उचलणार आणि महालापर्यंतची पायपीट संपणार. गोऱ्हा झाला तर मात्र सगळंच मुसळ केरात. जर्सीच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नसतं, मग जू टिकत नाही, म्हणून त्याला कुणी फुकटही न्यायचं नाही. गाय गाभण राहिल्यापासून गोपिकाबाई काही काम नसताना दवाखान्यात येऊन बसायची. मी म्हणायचो, "बाई, गाय तिकडं घरी आहे." ती हसायची.

कालवड झाली. भुरकी, टपोऱ्या डोळ्यांची. मी मुद्दाम बघायला गेलो, तेव्हा गाईची वार, वासरामागून पडते ती झिल्ली, अजून पडायची होती. आमच्याकडे गावोगाव एकच रीत. व्याल्यावर वार पडेपर्यंत वासराला थानाला लावायचं नाही; लावलं तर वार आत चढते म्हणतात. वासरू कोपऱ्यात बांधलेलं होतं आणि हंबरत होतं. गाय दावं ताणत होती. गोपिकाबाई मध्ये बसून दोघींनाही समजावत होती. वार पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मग तिनं चीक काढला, शेजारीपाजारी वाटला, उरलेला वासराला पाजला. तोवर वासराचं हंबरणं थांबलं होतं.

कालवडीला हगवण लागली आणि ती आठवडाही जगली नाही.

गाय दूध चोरायला लागली. पान्हाच सोडेना. मग गोपिकाबाईनं कालवडीचं कातडं काढून घेतलं, त्यात कुटार, म्हणजे भुसा, भरलं, शिवलं, वरून मीठ चोळलं आणि ते गाईच्या तोंडापुढं ठेवलं. गाय चाटत राहिली आणि दूध उतरलं. महालातलं एकही घर त्या दिवसांत चुकलं नाही. माझ्या बायकोनं दारात विचारलं, "कालवड कशी आहे हो?"

"गेली थे. भांडं आना," गोपिकाबाई म्हणाली.

काही दिवसांनी गाय पुन्हा भरवायचं विचारायला ती दवाखान्यात आली. डॉक्टरांनी विचारलं, "चीक कधी पाजला होता?"

"वार पडल्यावर."

डॉक्टर उखडले. "वार पडायची वाट कशाला बघता तुम्ही लोक? तो पहिला चीक म्हणजे वासराचा जीव. त्यातूनच त्याला रोगाशी लढायची ताकद येते. दुसऱ्या दिवशी पाजून काय उपयोग?"

गोपिकाबाई उभीच राहिली. मग तिनं विचारलं, "डाक्टरसाहेब, माणसाच्या लेकराचंबी तसंच असते का?"

"तसंच," डॉक्टर हात धूत म्हणाले. "बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध बायका खराब म्हणून टाकून देतात. बाळाला खरी गरज त्याचीच असते." आणि ते पुढच्या म्हशीकडे वळले.

त्यांना ठाऊक नव्हतं. मला बायकोकडून ठाऊक होतं. गोपिकाबाईला दोन मुली झाल्या होत्या आणि दोघीही पाळण्यातच गेल्या होत्या. मला डॉक्टरांचा राग आला, त्या रीतीचा आला, त्या म्हशीचासुद्धा आला. मी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणालो, "बसा बाई."

ती बसली नाही. तिचं तोंड रोज दूध मोजताना असायचं तसंच होतं.

"सासू म्हने, पिवळं हाय, पिळून टाक," ती म्हणाली. "मीच पिळलं, बाबू. ह्या हातानं. दोघींच्याही येळेस." मग पदर डोक्यावर सारखा केला आणि त्याच आवाजात विचारलं, "गाय कवा आनू?"