फुलांखाली झाकलेलं वाक्य

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणत. ती लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची, म्हणून. आणि जीभही तशीच होती, म्हणूनही. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली, तिथे दोन पडद्यांचा कॉम्प्युटर, एक करकरणारी खुर्ची आणि कायम गार झालेला चहा, एवढंच तिचं राज्य. प्रत्येक लग्नात कुणीतरी हमखास जांभई देतं, एखादा मामा रुसतो, एखादी आत्या भलत्याच क्षणी नाक शिंकरते. त्या जागी कात्री फुलांचा शॉट टाकायची. खाली काय झाकलंय ते कुणाच्या बापाला कळत नसे.

त्या दिवशी दुपारी सासूबाई मोबाइल घेऊन आत आल्या आणि धपकन स्टुलावर बसल्या.

"बघ आमच्या बाईंचे प्रताप!"

बाई म्हणजे सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आता प्रभागाच्या निवडणुकीला उभी. रोज संध्याकाळी दोघी फिरायला जात, जगाची उणीदुणी काढत. व्हिडिओत बाई व्यासपीठावरून म्हणत होत्या, "मोफत दवाखाना..." मग टाळ्या वाजवणारी गर्दी, आणि पुन्हा बाई, "...बंद करायला हवा." खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गरिबांच्या शत्रूला ओळखा.' सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याच दवाखान्यातून यायच्या.

"मी सकाळीच महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला," त्या म्हणाल्या. "आता तिचं तोंड बघायची नाही." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

कात्रीला खरं तर आतून गुदगुल्या झाल्या. बाई घरी आल्या की तिच्या चहाला नावं ठेवायच्या, वर "लग्नं कापत बसण्यापेक्षा नोकरी बघ" असं ऐकवायच्या. बरी जिरली, असं तिला वाटलं. पण सवयीने तिने व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला आणि तिची बोटं थांबली. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांच्या अंगात स्वेटर होते. व्यासपीठावर बाई रुमालाने घाम पुसत होत्या.

"अगं बाई! ही गर्दी भलत्याच, थंडीतल्या सभेची. ही तर माझ्याच फुलांच्या शॉटची युक्ती."

"म्हणजे खोटं आहे?" सासूबाई सरसावल्या.

"काहीतरी झाकलंय, आई. काय झाकलंय ते ठाऊक नाही. याहून वाईटही असेल."

सभेचं शूटिंग कुणाचं, ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. कात्रीने त्या कॅमेरावाल्याला फोन लावला. आढेवेढे घेत का होईना, त्याने सगळं शूटिंग पाठवलं. पण त्याला सभेचं काम बाईंच्याच माणसांनी दिलेलं, तेव्हा त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहायला ती तयार नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला बाईंचा कट्टर विरोधक. तोही सभेला गेला होता आणि त्यानेही मोबाइलवर भाषण घेतलं होतं. तिने तेही मागवलं. दोन्हींत शब्दाला शब्द जुळत होता.

"मोफत दवाखाना सकाळीच चालतो, आणि तेव्हा माणसं कामावर असतात," बाई म्हणत होत्या. "हा सकाळचा हट्ट बंद करायला हवा. दवाखाना संध्याकाळी उघडा."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मग कपाळावर आठी पडली.

"संध्याकाळी? संध्याकाळी तर आम्ही फिरायला जातो! हिला आमचं फिरणंसुद्धा आठवलं नाही?" पण मग त्यांचा आवाज मऊ झाला. "मंडळातल्या बायकांनाही सकाळच सोयीची गं. बिचारीची मतं जातील. ते संध्याकाळचं तेवढं काप ना. तुला काय, हातचा मळ."

कात्रीचा हात माउसवर होता. खरंच हातचा मळ होता तो.

"फुलं लग्नात ठीक, आई. इथे नाही टाकायची."

तिने पूर्ण व्हिडिओ सासूबाईंच्या मोबाइलवर पाठवला. मग चष्मा लावून एकेक अक्षर दाबत त्यांनी ग्रुपवर त्या व्हिडिओखाली लिहिलं: 'सकाळचा व्हिडिओ तोडलेला होता. मी न विचारता टाकला, चूक माझी. हा पूर्ण बघा. दवाखाना सकाळीच हवा असं माझं मत आहे आणि ते मी तिला तोंडावर सांगणार आहे.'

फिरायची वेळ झाली तशी त्यांनी चपला घातल्या. कात्री खिडकीशी गेली. सकाळपासून निम्मी गल्ली बाईंना बघून तोंड फिरवून जात होती, तरी बाई नेहमीच्या वेळी नेहमीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या, एकट्या. सासूबाई तरातरा त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. माफी आणि सकाळचा दवाखाना, दोन्ही एकदमच बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"आधी चाल," बाई म्हणाल्या. "मग भांड."

दोघी हातवारे करत वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. कात्रीने गार चहा ओतून टाकला आणि तिघींपुरतं नवं आधण ठेवलं. नावं ठेवली तर ठेवू देत.