हिरव्या टाचणीचं विधेयक

ऑफिसात तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. एक कारण भिंतीवरचा टाचण्यांनी भरलेला फळा, दुसरं तिची जीभ. कुणी कागद जागच्या जागी ठेवला नाही की ती असं टोचून बोलायची की तो माणूस पुढचे आठ दिवस स्वतःचे बूटसुद्धा जोडीनं सरळ काढून ठेवी.

ऑफिस म्हणजे तरी काय, लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची आणि कागद दमट व्हायचे. मतदारांच्या हक्कांसाठी झटणारी ही छोटी संस्था. राज्याच्या विधिमंडळात मतदानाबद्दल कोणतं विधेयक आलं, कोणत्या समितीत अडकलं, कुठून सरकलं, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि वेळेवर लोकांना हाक द्यायची, हे तिचं काम. नजर ठेवणाऱ्या दोघीच. एक तरुण वकीलबाई आणि दुसरी मावशी. मावशीनं तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती, आणि निवृत्तीनंतर घरी बसणं तिला दोन महिनेही जमलं नव्हतं.

अधिवेशन सुरू झालं की ती प्रत्येक विधेयकाचं एक कार्ड करी आणि विधेयक वाचून झालं की ते फळ्यावर लावी. लाल टाचणी म्हणजे धोका, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, हिरवी म्हणजे आपला संबंध नाही. हिरवी लागली की ते विधेयक पुन्हा वाचायचं नाही, हा नियम तिचाच. हजारावर विधेयकं आणि वाचणारे डोळे दोन. नियम नसता तर नाकी नऊ आले असते. समितीत जे विधेयक मेलं त्याचं कार्ड बुटांच्या रिकाम्या खोक्यात जायचं. खोक्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सुटलो’.

हे सगळं ती वेळ घालवायला करत नव्हती. ती नऊ वर्षांची असताना वडील ठेवणीतला सदरा घालून मत द्यायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. यादीत नाव नव्हतं. त्यांचं एकट्याचं नाही, चामड्याच्या कारखान्यामागच्या अख्ख्या गल्लीचं. वडिलांनी सदरा काढला, घडी करून ठेवला आणि त्याबद्दल पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नाही. तिचा मोठा भाऊ, दादा, मात्र गप्प बसला नाही. बसवर ड्रायव्हर म्हणून लागल्यावर त्यानं सुट्टीच्या दिवशी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, गल्लीतल्या एकेकाचं नाव यादीत घालून घेतलं आणि धाकट्या बहिणीला पहिल्या मतदानाला हाताला धरून नेलं. तेव्हापासून दोघं दर मतदानाला बरोबर जात. आता दादाची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं तुटक झालं होतं, तो वृद्धाश्रमात राहत होता. तरी हा शिरस्ता मोडला नव्हता.

त्या वर्षी मतदारयादीच्या सफाईचं विधेयक आलं. प्रत्येक मतदाराच्या पत्त्यावर पत्र जाणार, आणि ते तीस दिवसांत सही होऊन परत आलं नाही तर नाव यादीतून कमी होणार. वाचता वाचता मावशीच्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रमातल्या टेबलाचा खालचा खण उभा राहिला. तिथे येणारं सगळं टपाल त्या खणात जायचं आणि महिनोन्महिने पडून राहायचं. दादाचं पत्रही तिथेच जाऊन पडलं असतं.

तिनं लाल टाचणी लावली. वकीलबाईंनी फोन करून करून घसा बसवून घेतला, लोकांनी आपापल्या प्रतिनिधींना भंडावून सोडलं, आणि विधेयक समितीत पडलं. त्याचं कार्ड ‘सुटलो’मध्ये टाकताना मावशीच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तिनं कुणालाच टोचलं नाही.

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात ती नेहमीसारखी सकाळी विधिमंडळाच्या खिडकीवरून छापील विधेयकांचा गठ्ठा घेऊन आली. टेबलावर आपटून कडा सारख्या करायची तिची छापखान्यातली सवय. आपटताना एक विधेयक हाताला जाड लागलं. वाचनालयांच्या छपरांची दुरुस्ती. दोन पानांचं होतं ते, तिनंच वाचून हिरवी टाचणी लावली होती. आता पानं अकरा होती.

तिनं दुसरं पान उलटलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. समितीनं छपरांचा मजकूर सगळाच्या सगळा काढून टाकला होता आणि मतदारयादीची सफाई त्याच्या जागी भरली होती. नंबर तोच, नाव तेच. हे विधेयक एका सभागृहात मंजूर झाल्याचं तिनं गेल्याच आठवड्यात यादीत पाहिलं होतं आणि हिरवं म्हणून सोडून दिलं होतं. दुसऱ्या सभागृहातलं शेवटचं मतदान त्याच दिवशी दुपारी होतं.

“वकीलबाई, हे बघा.”

वकीलबाईंनी पानं चाळली. “अहो, हे तर आपलं मेलेलं विधेयक!”

“मेलं कुठलं? बिऱ्हाड बदललं त्यानं. आणि मी हिरवी टाचणी लावून खुशाल बसले.”

“मावशी, माझ्याही लक्षात नाही आलं.”

“वाचायचं काम माझं होतं. उगाच माझी चूक वाटून घेऊ नका.”

हाताशी तीन तास होते. दोघी फोनला चिकटल्या. दुपारी विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या मावशीनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. तिला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, आणि ती लाज घरी गेल्यावरही तिच्याबरोबर जेवायला बसली.

पत्रं निघायला लागली तशी ती वृद्धाश्रमात जाऊन बसली. तिथल्या व्यवस्थापिकेला तिनं असं काही सुनावलं की खण त्याच दिवशी रिकामा झाला. मग दुसरा वृद्धाश्रम, मग तिसरा, मग कामगारांच्या खोल्या. प्रत्येकाला पत्र वाचून दाखवायचं, समजावायचं, सही घ्यायची, पोचपावती आणायची. दादाचं पत्र तिनं पहिल्याच दिवशी भरलं. डाव्या हातानं सही करायला त्याला दहा मिनिटं लागली. तीस दिवसांत दोनशे चाळीस पत्रं झाली.

मतदानाच्या दिवशी ती दादाची चाकाची खुर्ची ढकलत केंद्रावर गेली. टेबलामागच्या मुलीनं यादीवर पट्टी सरकवत दादाचं नाव शोधलं आणि खूण केली. मग ती पट्टी दोनदा वर गेली, दोनदा खाली आली.

“मावशी, तुमचं नाव दिसत नाही.”

“पुन्हा... बघ,” दादा म्हणाला.

मुलीनं पुन्हा पाहिलं. नाव नव्हतं.

दादानं चाकावर हात ठेवला. “मग मी... पण नाही.”

“मुकाट्यानं आत जा,” मावशी म्हणाली. “त्या खणासाठी मी जिवाचं रान केलंय. नाटकं करू नकोस.”

शिपायानं खुर्ची ढकलली आणि तो आत गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती बाहेर उभी राहिली, आणि उभं राहून राहून तिला एकच आठवत होतं, वडिलांनी सदऱ्याची घडी कशी घातली होती ते.

घरी तिच्या नावाचं पाकीट घड्याळामागे सापडलं. न फोडलेलं. ते पत्र तिनं लोकांना इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की स्वतःचं हातात आलं तेव्हा तिनं ते पाहिलंच नाही. वाचलेलं, ओळखीचं, झालेलं. इथेही तिनं हिरवी टाचणी लावली होती.

पुढच्या अधिवेशनात वकीलबाईंनी खटपट करून एक दुरुस्ती आणवली: निव्वळ पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून कुणाचं नाव काढता येणार नाही. समितीपुढे बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं होती. मावशी असल्या ठिकाणी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती उठली. मागच्या रांगेच्या कडेला दादाची खुर्ची होती.

“मी तीस वर्षं प्रुफं वाचली,” ती म्हणाली. “तुमच्या कायद्याचं कलम न् कलम मला पाठ आहे. दोनशे चाळीस जणांची पत्रं मी भरली, आणि माझं राहिलं. मी जिवंत आहे, त्याच घरात राहते, आणि मला मत देता आलं नाही. ही चूक माझी, मान्य. पण माझ्यासारखीकडून ही चूक होते, तर ज्याला वाचताच येत नाही त्यानं काय करायचं? तुम्ही याला सफाई म्हणालात. त्यात निघालेला केर बघायचा असेल तर मी इथे उभी आहे.”

घंटा वाजली. ती जागेवर जायला वळली, तेवढ्यात नोंदी घेणाऱ्या कारकुनानं मान वर केली.

“बाई, तुमचं नाव राहिलं लिहायचं.”

तिनं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक शब्द सुटा करून. कारकून लिहून थांबला. ती मात्र जागची हलली नाही.

“काय लिहिलंत,” ती म्हणाली, “ते मला वाचून दाखवा.”